तीन भाऊ, एक फोटो आणि माझा नवा कॅमेरा

आमच्या घराण्यातले तीन सख्खे भाऊ मी एका बोटानं पुसून टाकले. रविवारी सकाळी, पावणेनऊच्या सुमारास, चहा पिता पिता. पोलिसांनी मला पकडलं नाही. पकडलं असतं तर बरं झालं असतं, तुरुंगातून सुटायला निदान तारीख तरी असते!

सगळं सांगतो. सांगून मन हलकं होईल म्हणून नव्हे (होत नाही, मी बऱ्याच जणांना सांगून पाहिलंय), तर कॅमेरा घ्यायला निघालेला एखादा माणूस हे वाचून अर्ध्या वाटेवरून माघारी फिरेल म्हणून.

माझे वडील, म्हणजे आबा, तिघा भावांतले मधले. थोरले आप्पा गगनबावड्याजवळ गावी राहतात. धाकटे बापू वारणानगरला साखर कारखान्यात नोकरीला होते, निवृत्त झाल्यावर तिथंच घर बांधून राहिले. आबा आमच्याजवळ, कोल्हापुरात राजारामपुरीत. आबांचं दोघांशीही बरं. पण आप्पा आणि बापू एकमेकांशी नऊ वर्षं बोलत नव्हते. भांडण कशावरून? नळीवरून. पाण्याची नव्हे हो, मटणाची! गावच्या जत्रेला पंगतीत आप्पांच्या ताटात दोन नळ्या आल्या आणि बापूंच्या ताटात एकही आली नाही. बस्स. आप्पांचं म्हणणं, वाढणाऱ्यानं वाढलं ते खाल्लं. बापूंचं म्हणणं, "मी नुस्ता रस्सा ओरपत बसलोतो आणि ह्यो माज्या म्होरं बसून नळी ताटावर ठोकतोय! ठक ठक ठक! अजून कानात आवाज हाय माज्या!"

तर अशा परिस्थितीत आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आदल्या आठवड्यात आबा हॉलमधल्या खुर्चीवर बसून भिंतीकडं बघत होते. भिंतीवर आजा-आजीचा फोटो, त्याच्याखाली मोकळी जागा.

"दिल्या," आबा म्हणाले, "डोळं बरं झालं की हितं एक फोटू पायजे."

"कुणाचा?"

"आमचा तिघांचा. लगनं झाली, पोरं झाली, म्हातारं झालो, पण तिघं एका फोटूत न्हाय कधी. आई सारखी म्हनायची, एकदा बसा की रं म्हनून."

मी मोबाईल पुढं केला. "काढू की. ह्यात काढतो."

"नको. मोबाईलमदला फोटू मोबाईलमदीच मरतोय. भिंतीवरचा पायजे."

आता इथं माझ्या बायकोनं, म्हणजे सुनंदानं, एक वाक्य उच्चारलं. ते मी ऐकलं असतं तर ही आठवण लिहायची वेळच आली नसती. ती म्हणाली, "कोपऱ्यावर सलीमभाईंचा स्टुडिओ हाय. बोलवा त्यांना, पाच मिनिटांत काढून देतील."

पण मी सरकारी कचेरीतला वरिष्ठ लिपिक. सोपं काम सोप्या मार्गानं होऊ देणं आमच्या सेवेच्या नियमात बसत नाही. बापाचा फोटो पोरानंच काढला पाहिजे, असं मी जाहीर केलं. (त्याआधी पंधरा दिवस मी कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघत होतो, हे जाहीर केलं नाही.)

व्हिडिओ बघून माझं ज्ञान एवढं वाढलं की मला झोपेतही आकडे दिसायला लागले. एक जण सांगायचा, मेगापिक्सेल बघून घ्या. दुसरा सांगायचा, मेगापिक्सेल बघणारा मूर्ख असतो. तिसरा म्हणायचा, कॅमेरा महत्त्वाचा नाही, नजर महत्त्वाची. नजर तर आमच्या घरात आबांचीही धड नव्हती! शेवटी सुनंदाला घेऊन राजारामपुरीतल्याच एका दुकानात गेलो.

"बोला पावणं," दुकानदार म्हणाले. "काय काढणार? पक्षी? लग्नं?"

"काका," मी म्हणालो.

"आँ?"

"दोन काका आणि एक वडील. बसलेले."

दुकानदारांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं आणि कपाटातून एक काळाकभिन्न कॅमेरा काढला. "मग हा बघा. फुल फ्रेम."

"फ्रेम नको. ती आम्ही मागनं करून घेतो, काचेची. भिंतीचं माप आणलंय."

सुनंदा छताकडं बघायला लागली. दुकानदार म्हणाले, "बरं. नुसती बॉडी घेणार का लेन्ससकट?"

"अगं बाई, बॉडी कुणाची?" सुनंदा दचकली.

"कॅमेऱ्याची, वहिनी. लेन्स वेगळी येते. ही जवळच्यासाठी, ही लांबच्यासाठी."

"दोन्ही द्या," मी म्हणालो. "एक काका गगनबावड्याला असतात."

त्या माणसानं आयुष्यात अनेक गिऱ्हाइकं पाहिली असतील. पण माझ्यानंतर त्यांनी काउंटरवरच्या बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं, हे मी स्वतः बघितलं.

घरी आल्यावर खोका उघडला. माहितीपुस्तक अकरा भाषांत होतं, मराठी सोडून. मी ते आदरानं कपाटात ठेवलं आणि बटणं दाबायला सुरुवात केली. कोणतं बटण कधी दाबलं ते मला अजून सांगता येणार नाही, पण तासाभरानं पडद्यावर कोपऱ्यात एक छोटंसं घड्याळ दिसायला लागलं. मला वाटलं, वेळ दाखवतंय. किती सोय!

त्या दिवसापासून कॅमेरा विचित्र वागायला लागला. बटण दाबलं की लगेच फोटो निघायचा नाही. आधी तांबडा दिवा लुकलुकायचा, टिट टिट टिट आवाज यायचा आणि चांगले दहा सेकंद गेल्यावर 'खच्याक्'! मी सुनंदाला समजावलं, "मोठा कॅमेरा हाय. विचार करून काढतोय."

सरावासाठी मी सुनंदाचा भाकरी थापताना फोटो काढला. फोटोत सुनंदा नव्हती. काळीकुट्ट झालेली भाकरी होती, कारण 'हलू नको' म्हणून मी तिला तव्यापासून लांब उभं केलं होतं आणि आठव्या सेकंदाला तिची सहनशक्ती संपून ती आतल्या खोलीत निघून गेली होती. दूधवाल्याचा काढला, फोटोत जिना आला. शेजारच्या कुलकर्णी काकूंचा काढला, फोटोत त्यांचं बंद दार आलं. आठवडाभरात माझ्याकडं दोनशे फोटो जमले. त्यांत एकही माणूस नव्हता. रिकाम्या खुर्च्या, रिकामे जिने, हलणारे पडदे. बघणाऱ्याला वाटावं, साथ येऊन गेली!

पण मी हार मानली नाही. माणसंच दहा सेकंद गप्प बसवायची, असं ठरवलं. तीन म्हाताऱ्यांना जागेवर बसवणं काय अवघड? (हा प्रश्न मी खरोखर विचारला होता. सुनंदा साक्षीदार आहे.)

आबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. मी आप्पांना आणि बापूंना वेगवेगळा फोन केला आणि दोघांनाही एकच वाक्य सांगितलं, "आबा म्हणतायत, पट्टी काढल्यावर पहिल्यांदा तुमालाच बघायचंय." दोघंही विरघळले. दोघांनाही अकराची वेळ दिली.

अकरा वाजता आप्पा दारात उभे. मागून जिन्यावर बापू.

"ह्यो हितं काय करतोय?" आप्पा गरजले.

"मी माज्या भावाकडं आलोय," बापू म्हणाले.

"त्यो माजा भाऊ हाय."

"मग मी कुनाचा हाय?"

आप्पा फेटा सारखा करायला लागले. आतून काळा चष्मा घातलेले आबा भिंत धरत धरत आले आणि म्हणाले, "या की रं दोघंबी. मला एकच डोळा हाय सध्या, दोन जागी कसं बगू?"

आले. सोफ्यावर आबा मधे, दोघं दोन टोकांना, तोंडं दोन दिशांना. मी तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा लावला आणि सूचना दिली, "आता दहा सेकंद कुणी हलायचं न्हाय."

पहिला प्रयत्न. टिट टिट टिट... सातव्या सेकंदाला आप्पांना शिंक आली. फोटोत आप्पांच्या जागी फक्त फेटा दिसत होता, तोही आडवा.

दुसरा प्रयत्न. टिट टिट... नवव्या सेकंदाला बापू उठले. "सरक म्हनावं त्याला, त्याचं धोतर माज्या पायावर आलंय!"

"सोफा काय तुज्या बानं घेतलाय व्हय रं?" आप्पा म्हणाले.

"न्हाय, तुज्या बानं घेतलाय!"

"दोगांचा बा एकच हाय," आबा मधून म्हणाले. "आनि हा सोफा दिल्यानं घेतलाय. बसा."

तिसरा प्रयत्न. बटण दाबलं. टिट टिट टिट. तांबडा दिवा लुकलुकतोय, तिघं दगडासारखे बसलेत, सुनंदानं श्वास रोखलाय. पाचव्या सेकंदाला आप्पा ओठ न हलवता पुटपुटले, "ह्यो फोटू काढतोय का बाँब लावतोय?"

बापूंनी हसू दाबलं. दाबलेलं हसू नाकातून बाहेर आलं. तो आवाज ऐकून आप्पांना हसू फुटलं आणि मग दोघंही असे हसायला लागले की सोफा हलायला लागला. आबा काळ्या चष्म्यातून एकदा डावीकडं बघायचे, एकदा उजवीकडं.

खच्याक्.

काय सांगू तो फोटो! कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर आम्ही सगळ्यांनी डोकी घुसवून बघितला. आप्पांच्या तोंडातले उरलेले चारही दात दिसत होते. बापूंच्या डोळ्यांत पाणी. आणि आबा मधे, दोन्ही भावांचे हात धरून. ते हात त्यांनी कधी धरले, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आबांनी चष्मा काढला, पडदा नाकाशी नेला आणि बराच वेळ बघून म्हणाले, "बास. ह्योच."

मी त्या क्षणी जगातला सर्वात मोठा फोटोग्राफर होतो. ही पदवी माझ्याकडं तीन दिवस राहिली.

जेवायला मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा होता. सुनंदानं नऊ वर्षांचा इतिहास लक्षात ठेवून मटणवाल्याला बजावलं होतं, एकही नळी घालू नका. (मटणवाल्यानं काळजीनं विचारलं होतं, "घरात समदी बरी हायती न्हवं?") भांडणाचं मूळच उपटून टाकलं, अशा खुशीत आम्ही वाढत होतो. आप्पांनी वाटीत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाले, "सुनबाई, मटनात नळी न्हाय?"

बापूंनी हातातला घास खाली ठेवला. चेहऱ्यावर नऊ वर्षांचं समाधान पसरलं.

"आता कळलं, कसं वाटतंय!"

पुढचं लिहीत नाही. आप्पा रिक्षानं स्टँडवर गेले, बापू चालत गेले, भात दोघांचाही राहिला. मी डोकं धरून बसलो. आबा मात्र शांतपणे ताक पीत म्हणाले, "जाऊ दे. फोटू हाय."

आता त्या रविवारकडं येतो. यायची इच्छा नाही, पण येतो.

फोटो मोठा करून घ्यायला कॅमेरा सलीमभाईंच्या स्टुडिओत न्यायचा होता. जायच्या आधी सगळं व्यवस्थित करून ठेवावं म्हणून मी चहा घेऊन बसलो आणि कॅमेऱ्याची यादी उघडली. एकेक शब्द इंग्रजीत. त्यातला एक शब्द बघून मला गावाकडचा माणूस भेटल्यासारखं झालं. फॉरमॅट!

तुम्हाला माझी नोकरी माहीत आहे. तीस वर्षं मी दुसरं काय केलं? आलेला अर्ज विहित फॉरमॅटमध्ये आहे की नाही ते बघितलं. नसेल तर परत पाठवला. माझ्यामुळं किती माणसांनी किती चकरा मारल्या असतील, त्यांचे तळतळाट त्या सकाळी एकत्र येऊन माझ्या उजव्या हाताच्या बोटावर बसले. मला वाटलं, फोटो फॉरमॅटमध्ये नसेल तर सलीमभाई परत पाठवतील. आपणच करून नेऊ! मी बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चार ओळींचं लिहून आलं. फॉरमॅटच्या खाली बारीक अक्षरात नेहमीच काहीतरी असतं, पण ते अर्जदारानं वाचायचं असतं, आम्ही वाचत नाही. मी 'ओके' दाबलं.

एका सेकंदात झालं. फोटो काढायला दहा सेकंद लावणाऱ्या त्या कॅमेऱ्यानं एवढी तत्परता आयुष्यात कधी दाखवली नव्हती.

मी फोटो बघायला गेलो. पडदा काळा. मधोमध इंग्रजीत एक ओळ, तिचा अर्थ एवढाच, की इथं काही नाही. मी कॅमेरा बंद केला, चालू केला. हलवला. कानाला लावला. आप्पा नाहीत, बापू नाहीत, आबा नाहीत. बरं, ते दोनशे रिकामे जिनेसुद्धा नाहीत!

"सुनंदाऽऽ!"

ती धावत आली. मी दिसेल ते बटण दाबत होतो. तिनं कॅमेरा माझ्या हातातून काढून घेऊन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "तुमी आधी हिकडं या. देवापुढं बसा. हात जोडून बसा, म्हंजे हात तरी बांधलेलं ऱ्हातील."

तासाभरानं आम्ही दोघं सलीमभाईंच्या स्टुडिओत. सलीमभाई चाळीस वर्षं फोटो काढणारा, शांत स्वभावाचा माणूस. त्यांनी आधी कोपऱ्यातलं ते घड्याळ बघितलं. "साहेब, हे टायमर का लावलंय? स्वतःचा फोटो काढायला असतं हे. बटण दाबून पळत जाऊन बसायचं."

सुनंदानं माझ्याकडं बघून बोटांवर दहापर्यंत मोजलं.

"काळजी करू नका," सलीमभाई म्हणाले. "फॉरमॅट झालं तरी फोटो बऱ्याचदा परत काढता येतात. फक्त त्याच कार्डावर नंतर दुसरं काही शूट केलेलं नसावं."

"नाही, नाही. काहीच नाही!"

त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून संगणकाला लावलं. थोडा वेळ बघितलं. मग चष्मा काढून पुसला. "साहेब, तुम्ही त्याच्यावर एक तास पंखा शूट केलाय."

तो व्हिडिओ मी बघितला. टेबलावर उताणा पडलेला कॅमेरा, वर फिरणारा पंखा, आणि लांबून देवघरातून येणारा माझा आवाज, "देवा, एकदा, एकदाच!" आवाज फार स्पष्ट आला होता. कॅमेरा खरोखर चांगला होता.

घरी आबा वाटच बघत होते. "कदी येतोय फोटू?"

"धुवायला टाकलाय, आबा." (डिजिटल फोटो धुवायला!)

रोज संध्याकाळी तोच प्रश्न. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वडिलांची दृष्टी सुधारायची भीती वाटायला लागली. त्यांनी मागून मागून एक गोष्ट मागितली होती, ती माझ्या हातात आली होती, आणि मी तिला विहित नमुन्यात बसवून नाहीशी केली होती.

शेवटी मीच सलीमभाईंना गळ घातली. तिघांचे वेगवेगळे फोटो आणतो, जोडून द्या. सलीमभाईंनी दोनदा सांगितलं, "साहेब, नको. दिसेल ते." मी ऐकलं नाही. न ऐकण्याच्या बाबतीत मी एव्हाना तयारीचा झालो होतो.

आबांचा सोफ्यावर बसलेला फोटो घरीच गुपचूप काढला आणि वारणानगरला बापूंच्या घरी गेलो. आबांना तुमचा एकट्याचा फोटो पाहिजे, अशी थाप मारली. बापू खूश! इस्त्रीचा शर्ट घालून, छाती काढून बसले. मी उत्साहात इतक्या जवळून फोटो काढला, की बापू अख्ख्या फोटोत मावेनात. दुसऱ्या दिवशी आप्पांकडं गेलो. गगनबावड्याला धुक्यातून पाऊस असा कोसळत होता की माझी छत्री उलटी झाली. घरात अंधार म्हणून आप्पांना पडवीत बसवलं. स्वतः भिजायला नको म्हणून मी समोरच्या गोठ्यात उभा राहिलो आणि अभिमानानं लांबची लेन्स लावली. ती नीट फिरवायची कशी ते मात्र माहीत नव्हतं.

"दिल्या, एवढ्या लांबनं दिसतोय का मी?" आप्पा ओरडले.

"दिसताय की!"

दिसत होते. साधारण मक्याच्या कणसाएवढे.

आठवड्यानं सलीमभाईंनी जोडलेला फोटो दिला तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांकडं बघायचं टाळलं. मी काचेची फ्रेम करून घेतली आणि मन घट्ट करून भिंतीवर टांगली. आबांनी नवा चष्मा घातला. फोटोसमोर उभे राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं. मला कॅमेऱ्याचे ते दहा सेकंद परवडले असते.

"दिल्या."

"जी."

"बापू निवडणुकीला उभा हाय काय?"

"न्हाय, आबा."

"मग एवढा मोटा का? आनि आप्पा माज्या मांडीवर का बसलाय?"

"शेजारी हायत ते. जरा... बारीक आलेत."

आबा आणखी जवळ गेले. "आप्पाच्या भवतीनं धुकं हाय."

मी फ्रेमची काच पुसायला लागलो.

"आपल्या हॉलमदी धुकं कुटनं आलं रं?"

मग मी सगळं सांगितलं. फॉरमॅट, पंखा, थापा, सगळं. ओरडले असते तर बरं झालं असतं. आबा ओरडले नाहीत. त्यांनी फ्रेम भिंतीवरून उतरवली, उलटी करून कोपऱ्यात ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसले. त्या दिवशी ते चहाही प्याले नाहीत. मोकळ्या भिंतीकडं बघत बसलेला बाप आणि आतल्या खोलीत त्याचा बावन्न वर्षांचा पोरगा, भिंतीला कपाळ लावून उभा!

संध्याकाळी आबांनी सुनंदाकडून मोबाईल मागून घेतला आणि स्वतः दोन फोन केले. दोन्हीकडं एकच वाक्य, "माज्या पोरानं तुजं काय केलंय ते येऊन बग."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आणि बापू एकाच वेळी जिना चढून आले, आणि एकमेकांशी भांडायला विसरले. आबांनी सगळी हकीकत सांगून फ्रेम सोफ्यासमोर ठेवली. तिघं शेजारीशेजारी बसून फोटो बघू लागले.

"मी कणीस हाय व्हय रं?" आप्पांनी सुरुवात केली.

"आनि मी रेडा?" बापू.

"त्या दिवशी मी भिजत बसलोतो पडवीत! ह्येच्यासाटनं?"

"मला म्हनाला, आबाला तुमचा एकट्याचा फोटू पायजे! इस्त्रीचा शर्ट घालाय लावला मला!"

"तसला चांगला फोटू पुसला ह्यानं, आप्पा! आपन हसत हुतो त्यो!" बापू पुढं म्हणाले.

"व्हय रं बापू! त्यो तर लई भारी हुता!"

बापूंनी आप्पांना 'आप्पा' म्हटलं आणि आप्पांनी बापूंना 'बापू', हे फक्त आबांच्या लक्षात आलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि मग त्यांनीही दोघांच्या सुरात सूर मिळवून मला जे झाडायला सुरुवात केली, ते शब्द मी इथं लिहू शकत नाही. तिघं एकाच वेळी, एकाच आवाजात, पुढं झुकून माझ्यावर बोटं रोखून बोलत होते. मी समोर हात बांधून उभा. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या सुनंदानं मोबाईल काढला आणि एकदाच बोट टेकवलं. टिट नाही, दिवा नाही, काही नाही.

त्या दिवशी दोघंही जेवून गेले. सुनंदानं मोजून सहा नळ्या वाढल्या. सलीमभाईंनी मोबाईलमधला तो फोटो मोठा करून दिला आणि तो आता हॉलमध्ये आजा-आजीच्या खाली आहे. झकास आलाय. तिघं भाऊ सारख्या मापाचे, खांद्याला खांदा लावलेले, तोंडं उघडी, डोळे लाल, तीन बोटं एकाच दिशेला. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा घेता घेता वर बघतो आणि विचारतो, "आबा, एवढं कुणावर तापलाय तिघं?"

आबा दोन्ही नव्या डोळ्यांनी माझ्याकडं बघतात आणि म्हणतात, "त्यो फोटूत आला न्हाय. तुमच्या शेजारीच बसलाय. बिस्कीट घ्या."